खोटं कार्ड

सोमवार, ४ मार्च

स्टिल आणि येट आज हातावेगळं केलं एकदाचं. तीन आठवडे ही जोडी मानगुटीवर बसली होती. मराठी माणूस इथे का घसरतो ते उघड आहे. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द, अजून. ती अजून झोपलीय, पत्र अजून आलं नाही. आपल्याला अजून म्हणजे अजून, विषय संपला. इंग्रजीचं तसं भागत नाही. जे आधीपासून चालू आहे आणि संपलेलं नाही, तिथे स्टिल. जे व्हायचंय आणि झालेलं नाही, तिथे येट. शी इज स्टिल स्लीपिंग. द लेटर हॅज नॉट कम येट. स्टिल मुख्य क्रियापदाच्या आधी उभं राहतं. येट बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं, आणि तेही नकार असेल किंवा प्रश्न असेल तरच. पत्र आलं नाही हे सांगताना कुणी येटच्या जागी स्टिल वापरलं, तर समजावं की माणूस वाट बघून वैतागलाय.

एवढं सगळं एका कार्डाच्या दोन भागांत बसवलं, खाली सहा उदाहरणं. शाळेत असतो तर स्टाफरूममध्ये कुणालातरी धरून वाचून दाखवलं असतं. निवृत्त माणसाला वहीच धरावी लागते.

पाचवा गठ्ठा पुरा झाला. फितीने बांधून हिच्या टेबलावर ठेवला.

बुधवार, ६ मार्च

लेक मागे म्हणाली होती, बाबा, तुमची ती गठ्ठ्याची पद्धत लिहून ठेवा, पुढे कुणाला खरं वाटणार नाही. म्हणून लिहितो.

पुस्तक आम्हा दोघांचं. मी वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचो, ही खालच्या. एकमेकांसारखे वाटणारे इंग्रजी शब्द जोडीजोडीने घेऊन त्यांतला फरक मराठीतून सांगायचा, असं ते पुस्तक. बावीस वर्षांपूर्वी निघालं, दोनशे जोड्या. मुखपृष्ठावर नाव कुणाचं आधी यावर आठ दिवस अबोला होता, शेवटी हिचं आधी आलं. आता सुधारलेली आवृत्ती निघतेय. जुन्या जोड्या पुन्हा लिहायच्या, नव्या शंभर घालायच्या.

कार्ड मी लिहितो, तपासते ही. वीस कार्डांचा एक गठ्ठा. त्या विसांत एक कार्ड मी मुद्दाम चुकीचं लिहितो. त्याला आम्ही खोटं कार्ड म्हणतो. कारण साधं आहे. बरोबर कार्डं वाचत गेलं की दहाव्या-बाराव्याला डोळा पेंगतो आणि खरी चूक निसटते. आत एक चूक नक्की दडलीय हे माहीत असलं की तपासणारा डोळ्यांत तेल घालून बसतो. खोट्या कार्डाचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचा. हिने शोधायचं आणि गठ्ठ्यावरच्या कागदावर नंबर लिहायचा. सापडलं तर पुढचा आठवडाभर संध्याकाळचा चहा मी करायचा, नाही सापडलं तर हिने. पहिल्या आवृत्तीच्या दहा गठ्ठ्यांत ही एकदाही हरली नाही. चहा करून करून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

आणि आता दुसऱ्या गठ्ठ्यापासून हिला खोटं कार्ड सापडत नाहीये. आज पाचवा परत आला. वरच्या कागदावर तिच्या त्या गोल गोल अक्षरात तेच, ‘सापडलं नाही’. सलग चौथ्यांदा. 

कितवं होतं ते दाखवावं म्हणून चिठ्ठी काढायला गेलो तर शर्ट धुऊन दोरीवर. खिसा न बघता बादलीत टाकला हिने. पूर्वी अशी नव्हती. नंबर ओठांवर आहे माझ्या, चार असेल नाहीतर चौदा. ही म्हणाली, जाऊ दे, चहा मी करते. आणि उठली सुद्धा. वाद नाही, काही नाही. ते मला जास्त लागलं.

सोमवार, ११ मार्च

नवी कार्डं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. येताना रस्त्याचं काय करून ठेवलंय कळेना, आपलं वळणच दिसेना. स्टेशनरीवाला घरापर्यंत माझ्याबरोबर आला. याला आज दुकानात काम नव्हतं की काय कोण जाणे, सारखा आपला, सर, इकडून, सर, इकडून. चांगला आहे पण चिकट आहे.

घरी आलो तर ही दारात, चपला घालून, केस विस्कटलेले. कुठे निघाली होतीस विचारलं. म्हणाली, कुठे नाही, असंच. मी दोनदा विचारलं. कुठे निघालोय ते तिला सांगता येईना. आत येऊन खुर्चीत बसली आणि चपला पायातच.

सत्तरीला आलेल्या माणसाचं असं होतं हे मला माहीत आहे. आपल्या माणसाचं होईल हे डोक्यात आलं नव्हतं.

बुधवार, १३ मार्च

(ही म्हणते आज गुरुवार. मी कॅलेंडर बघून लिहितोय. पान मागच्या महिन्याचं निघालं, पण म्हणून काय झालं.)

दूध उतू जाऊन भांडं पार काळं झालं. मी तिथेच होतो, ओट्याशी, पण दूध ठेवलं होतं हिने. तिनेच ठेवलं असणार, मी कशाला दूध ठेवायला जातोय? विचारलं तर म्हणाली, हो, मीच. एका दमात कबूल. चाळीस वर्षांत या बाईने स्वतःची चूक कबूल करायला कधी अर्ध्या तासाहून कमी वेळ घेतला नाही.

हल्ली ही वादच घालत नाही. माझ्या जिवाला घोर लागलाय तो याचा.

रविवार, १७ मार्च

लेकीचा फोन. आधी ती आणि ही बराच वेळ बोलत होत्या, आतल्या खोलीत, दार लोटून. नंतर ही अंघोळीला गेली तेव्हा मी उलटा फोन लावला आणि सगळं सांगितलं. गठ्ठे, दूध, चपला. म्हटलं, तुझ्या आईचं काही खरं नाही गं.

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही तिला सांभाळून घ्या. चिडू नका तिच्यावर.”

मला बरं वाटलं. तिने विश्वास ठेवला माझ्यावर. नाहीतर पोरी नेहमी आईची बाजू घेतात.

मंगळवार, १९ मार्च

आजपासून स्टिल आणि येट घेतलं. इतके दिवस टाळत होतो, सगळ्यात चिवट जोडी आहे ती. मराठीत दोन्हीला अजून, त्यामुळे आपली माणसं इथे हमखास घसरतात. खूप विचार करून दोन ओळींत बसवलं. जे आधीपासून चालू आहे तिथे येट. जे व्हायचंय आणि झालेलं नाही तिथे स्टिल. शी इज येट स्लीपिंग. द लेटर हॅज नॉट कम स्टिल. नवीन जोडी हातावेगळी केली की कसं हलकं वाटतं.

हिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मी विचारलं, कळलं ना? म्हणाली, कळलं. पण चेहरा असा की काही म्हणजे काही कळलं नाही. ज्या बाईने मला इंग्रजीच्या चुका दाखवून लग्नाआधी रडवलं होतं, तिची ही गत.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो थोडा वेळ.

सोमवार, २५ मार्च

हिला डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे तारीख तिनेच घेतली होती, रिक्षा तिनेच बोलावली, पण नेलं मीच.

डॉक्टर तरुण आहे, हळू बोलतो. पण ह्या पोराने पेशंट सोडून मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा. मी म्हटलं, डॉक्टर, पेशंट ही आहे. तो हिच्याकडे बघून मग मला म्हणाला, दोघांचीही तपासणी करतो, तुलना करायला. हे मात्र मला पटलं. दोन शब्द शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय एकाचाही अर्थ नीट कळत नाही, हे मी चौतीस वर्षं शिकवलं. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, अगदी बरोबर, सर.

मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. माझं घाईत झालं, आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले. हिचं अगदी सुबक. घरी पाठ करून आली असणार.

शेवटी मला बाहेर बसवून दोघं आत बोलली. बाहेर आली तेव्हा हिचे डोळे लाल. म्हटलं, काय म्हणाला? म्हणाली, वय झालं म्हणाला. मी तिचा हात धरला. रस्त्यावर, भर दिवसा, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना.

तिने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

मला एक नवीन गोळी दिलीय, सकाळची. तुलनेसाठीच असणार. त्या गोळीने अकरा वाजले की झापड येते आणि तास गेलेला कळत नाही.

सोमवार, १ एप्रिल

आठव्या गठ्ठ्यावर ‘सापडलं नाही’.

आज मन घट्ट केलं आणि प्रकाशकाला पत्र लिहिलं. जुने प्रकाशक गेले, आता त्यांचा मुलगा बघतो, घाईघाईचा माणूस, फोनवर नेहमी हिच्याशीच बोलतो. स्पष्ट लिहिलं की माझ्या पत्नीची प्रकृती आता तपासणीच्या कामाला योग्य राहिलेली नाही, तिच्या हातून चुका निसटताहेत, दुसरा तपासनीस बघावा. आणि मग ती ओळ लिहिली. दुसरा तपासनीस आला तर मुखपृष्ठावर दोघांची नावं ठेवणं प्रामाणिक होईल का, याचाही विचार व्हावा.

तिचं नाव मी माझ्या हाताने खोडलं. पुस्तकात चूक गेली तर शिकणाऱ्या पोरांचं नुकसान, म्हणून खोडलं. हे इथे लिहिलंय ते कुणी कधी वाचलं तर त्याने मला दगड म्हणावं, माझी हरकत नाही.

पाकीट बंद करून पोस्टात टाकायला हिच्याकडेच दिलं. घरात तिसरं आहे कोण? तिने पत्ता वाचला, पर्समध्ये ठेवलं आणि गेली.

मंगळवार, ९ एप्रिल

आज जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रम सुटला तर सगळंच सुटेल.

ही रिपोर्ट आणायला गेली होती. दाराला चिठ्ठी, ‘कोणी आलं तरी उघडू नका, तासाभरात येते’. बेल वाजली, मी उघडलं. माझ्या घराचं दार मी उघडू नको? कुरियरवाला खोकं देऊन गेला. प्रकाशकाकडून. अक्षरजुळणी झाली, मूळ कार्डं परत.

उघडलं. आठ गठ्ठे. पहिला गठ्ठा ठीक. दुसरा उघडला आणि मला वाटलं कुणाचीतरी दुसऱ्याची कार्डं आलीत. सगळीकडे हिची लाल पेन्सिल. लेंड आणि बॉरो उलटे. सिन्स आणि फॉर उलटे. एका कार्डावर डावीकडे मेक लिहिलंय, उजवीकडे काहीच नाही. एकावर शाळेतल्या मुलांची हजेरी लिहिलीय, तीस-पस्तीस नावं, रोल नंबरासकट. अक्षर माझं. ते मी नाकारू शकत नाही, माझा ट असा आकडा काढल्यासारखा वळतो, जगात दुसऱ्या कुणाचा वळत नाही.

प्रत्येक गठ्ठ्यावर ‘सापडलं नाही’ या कागदाच्या खाली दुसरा कागद टाचलेला, प्रकाशकासाठी. दुसऱ्या गठ्ठ्यावर, ‘चुका तीन, दुरुस्त केल्या आहेत’. पाचव्यावर नऊ. आठव्यावर, ‘चौदा कार्डं नव्याने लिहिली आहेत, माझ्या अक्षरातली धरावीत. यांना कृपया फोन करू नये. काही विचारायचं असल्यास सकाळी अकरा ते बारा मला करावा, त्या वेळी ते झोपलेले असतात.’

एका गठ्ठ्यात एक खोटं कार्ड असतं. नऊ असली तर तिने कुठल्याचा नंबर लिहायचा होता? कुठलाही लिहिला असता तरी मी म्हटलं असतं, अगं ते नाही, ते तर बरोबर आहे. आणि तिथेच सगळं फुटलं असतं. म्हणून ती प्रत्येक वेळी हरली. चहा केला. दूध मीच ठेवलं, चपला घालून ती मलाच शोधायला निघाली होती, शर्टात चिठ्ठी होती की नव्हती देव जाणे.

तळाशी रबर लावलेली कार्डं वेगळी. स्टिल आणि येट. अकरा कार्डं. अकराही माझ्या अक्षरात, प्रत्येकावर वर ‘नवीन जोडी’. पहिलं उत्तम आहे. खरंच उत्तम आहे, सहाही उदाहरणं चोख. शेवटच्यावर नुसतं स्टिल स्टिल स्टिल, ओळ भरेपर्यंत.

आणि माझं ते पत्र, तेही प्रकाशकाने परत पाठवलेलं. पोस्टात टाकलं होतं तिने. त्याला टाचणीने तिची चिठ्ठी लावलेली. ‘सोबतचं पत्र यांचं आहे. ते म्हणतात तसं माझं नाव काढायचं असेल तर काढावं. त्यांचं मात्र राहू द्यावं.’

मी जमिनीवर बसून रडलो. लाज वाटायला कुणी नव्हतं समोर.

मग उठून चहा ठेवला. आल्यावर तिने खोकं बघितलं, मला बघितलं, आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

मी म्हटलं, “कार्डं बघितली मी.”

“किती?”

“सगळी.”

बराच वेळ ती पर्सची चेन मागे-पुढे करत राहिली. मग म्हणाली, “मग चहाची पाळी कुणाची?”

“केलाय मी.”

कप दिला. तिने एक घोट घेतला, जरा थांबली, मग सावकाश सगळा प्यायली. छान झालाय म्हणाली. मी माझा उचलला तर त्यात चहाची पत्तीच नव्हती. नुसतं साखरेचं गरम दूध.

विचारलं, कधीपासून? म्हणाली, दीड वर्ष. विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं. तीनदा.

ठरवलंय. उद्या प्रकाशकाला नवीन पत्र, माझं नाव खोडायचं. आणि मी विसरणार, म्हणून या पानाच्या वर मोठ्या अक्षरात ‘आधी हे वाच’ लिहून वही टेबलावर उघडी ठेवतो. आता मी हिला पुन्हा वेडी ठरवणार नाही. एवढं एक तरी माझ्या हातात राहू दे.

बुधवार, १० एप्रिल

टेबलावर वही उघडी होती. ‘आधी हे वाच’. वाचलं. यातलं काही आठवत नव्हतं. ट माझाच आहे.

वही घेऊन गॅलरीत गेलो, ही कपडे वाळत घालत होती. विचारलं, हे खरं आहे? म्हणाली, “काल बोललोय आपण यावर.” मग माझ्या हातातली वही घेऊन बाजूला ठेवली आणि मला बसवलं.

पत्र लिहायचं राहिलं.

गुरुवार, ११ एप्रिल

वाचलं. पायाखालची जमीन सरकली. हिला खरं का म्हणून विचारायला गेलो तर मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, हो, खरं आहे. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती हसली का रडली ते कळलं नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

ही स्वयंपाकघरात टॉवेल तोंडाशी धरून रडत होती. काय झालं म्हणून किती विचारलं, मान हलवते फक्त. मला वाटलं लेकीचं काही वाईट झालं. मग टेबलाशी गेलो.

सोमवार, १५ एप्रिल

वाचलं. पुढचीही पानं वाचली, १०, ११, १२.

म्हणजे रोज सकाळी असं होतंय. रोज मला हे पहिल्यांदा कळतं, रोज मी कोसळतो, आणि रोज ते तिला बघावं लागतं. मला निदान संध्याकाळपर्यंत सुटका आहे. तिला नाही. माझी चूक एक आणि ती तिला रोज नव्याने तपासायला लागते.

वही फाडून टाकावी असं आज दिवसभर वाटलं. पण फाडली तर उद्यापासून मी पुन्हा सुरू होणार. पुन्हा दूध तिनेच ठेवलेलं, पुन्हा शर्ट तिनेच धुतलेला, पुन्हा डॉक्टरांकडे मी तिला नेणार. ते नको. मी कोसळलेला बरा. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “आणि मी?”

वही ठेवतोय टेबलावर. उघडी.

सोमवार, २२ एप्रिल

नवी वही. जुनी सापडत नाही. टेबल, कपाट, गादीखाली, सगळीकडे बघितलं. हिला विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, माझ्याच हातून कुठेतरी ठेवली गेली, आता आठवत नाही हो. एका दमात कबूल. आणि स्वतःहून ही नवी वही आणून दिली, पहिल्या पानावर वार आणि तारीखसुद्धा घालून दिली. मी काय तारीख विसरणार होतो?

मला हिची काळजी वाटते. डोळे सुजलेले, जेवण धड नाही. त्यात आज गठ्ठा परत आला आणि वर तेच, ‘सापडलं नाही’. जी बाई दहा गठ्ठ्यांत एकदा हरली नाही तिला एक खोटं कार्ड सापडू नये? प्रकाशकाला कळवावं लागेल बहुतेक. पण तिचं नाव मी काढू देणार नाही, काही झालं तरी. तिला तसं सांगितलं. म्हटलं, तू विसरलीस तरी मी आहे लक्षात ठेवायला.

त्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि खांद्यावर डोकं टेकून राहिली बराच वेळ. लहान मुलासारखं झालंय तिचं. मी हललो नाही.

मग उठून चहा केला तिने. हरली होती, तिचीच पाळी. फक्कड झाला होता.

कामाला लागायला हवं. सगळ्यात चिवट जोडी राहिलीय, स्टिल आणि येट. अजून हात लावलेला नाही. उद्या घेतो.